जिथं उभं केलं तिथं

रविवार, रात्री

धाकटी आज प्रॅक्टिसवरून आली आणि दारातल्या पायरीवरच बसून राहिली. बूट काढले नाहीत. स्टडमधली माती वाळून पायरीवर गळत होती आणि ती काडीनं ती आणखी उकरत होती. मी विचारलं तर म्हणाली, "पप्पा, मला बॅकला टाकलंय."

"कुणी?"

"सरांनी. आजपासनं तू स्टॉपर म्हणाले. मी कुठं चुकलो काय? परवा दोन गोल मारल्यात की मी." मग मान खाली घालून, "मी न्हाई जात उद्यापासनं."

तेरा वर्षांची आहे. फुटबॉल म्हणजे फॉरवर्ड, असं तिच्या डोक्यात आहे. त्या वयात माझ्याही होतं. मी पेठेतल्या संघाकडून नऊ हंगाम स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला खेळाडू, म्हणून खेळलो, तरी ऐनवेळी तिला काय सांगावं ते सुचेना. "मागं खेळायलाही डोकं लागतं," एवढंच म्हणालो. ती उठली, नळाखाली पाय धुतले, दोन घास खाल्ले आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. माझ्या त्या वाक्यानं तिचं समाधान झालं नाही, आणि खरं तर माझंही नाही.

आता घर निजलंय आणि मला लुकास राडेबे आठवतोय. दक्षिण आफ्रिकेचा आणि लीड्स युनायटेडचा कर्णधार. केबलवर इंग्लंडची लीग दिसायला लागली तेव्हा आमच्यातली निम्मी पोरं मँचेस्टर युनायटेडची झाली. मी लीड्सचा झालो, तो या एका माणसासाठी. मागं उभं कसं राहायचं, पाय कधी घालायचा आणि कधी नाही, हे मी त्याच्याकडं बघून शिकलो. पण आज तो आठवला तो त्याच्या खेळासाठी नाही. आयुष्यातली एकही जागा त्यानं स्वतः मागून घेतलेली नव्हती. दुसऱ्यांनी त्याला जिथं धाडलं तिथं तो गेला, जिथं उभं केलं तिथं उभा राहिला. धाकटीला हे सांगायचं तर नीट सांगायला हवं, म्हणून आधी इथं लिहून काढतो. आज डोळे मिटायला लागलेत. उद्या.

सोमवार, रात्री

जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर १७ एप्रिल १९९६ च्या मॅचचे तुकडे बघितले. मँचेस्टर युनायटेडविरुद्ध लीड्स, ओल्ड ट्रॅफर्डवर. युनायटेडला लीग जिंकायची होती आणि लीड्सचा तो हंगाम पार बिघडलेला. सतराव्या मिनिटाला लीड्सचा गोलकीपर मार्क बीनी पेनल्टी एरियाच्या बाहेर हातानं बॉल अडवतो आणि लाल कार्ड घेऊन बाहेर जातो. बाकावर दुसरा गोलकीपर नाही. मग डिफेंडर राडेबे गोलमध्ये जाऊन उभा राहतो.

सत्तरहून जास्त मिनिटं तो तिथं होता. दहा माणसांचा संघ, समोर त्या वर्षी इंग्लंडचा विजेता ठरलेला संघ, आणि आत एक गोल, रॉय कीनचा, ७२ व्या मिनिटाला. बाकी जे आलं ते त्यानं अडवलं. अंगावर आलेला बॉल तो छातीशी कवटाळतो आणि घाई न करता उठतो. उधारीच्या जागेवर आलेला माणूस असा उठत नाही. मॅच संपल्यावर मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन चिडून म्हणाले होते की लीड्सची ही मंडळी एरवी अशी खेळत नाहीत, आपल्याच मॅनेजरला फसवतात. लीड्स किती झुंजली ते यावरून कळावं. त्याच हंगामात मिडल्सब्रोविरुद्धही त्याला असंच गोलमध्ये उभं राहावं लागलं होतं.

हे त्याला जमलं कसं, याचं उत्तर त्याच्या लहानपणात आहे.

त्याचा जन्म १२ एप्रिल १९६९ चा, सोवेटोतल्या डीपक्लूफचा. सोवेटो म्हणजे जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येला, शहराबाहेर, काळ्या माणसांसाठी वसवलेली वस्ती. साउथ वेस्टर्न टाउनशिप्स या तीन शब्दांची आद्याक्षरं जोडून केलेलं नाव. गावाला धड नावसुद्धा दिलं नाही, दिशा सांगून मोकळे झाले. अकरा भावंडांतला हा एक. १६ जून १९७६ ला सोवेटोची शाळकरी मुलं आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर आली आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा तो सात वर्षांचा होता. पुढं १९८५ मध्ये सरकारनं आणीबाणी लावली. शाळा बंद, रस्त्यावर टायर जळताहेत, पंधरा-सोळा वर्षांची पोरं हातात दगड घेऊन लष्करी गाड्यांसमोर. अशा दिवसांत त्याच्या आईवडिलांनी त्याला सोवेटोतून उचललं आणि बोफुथात्स्वानात शिकायला पाठवून दिलं.

बोफुथात्स्वाना हे वर्णद्वेषी सरकारनं काळ्यांसाठी आखलेल्या तथाकथित स्वतंत्र देशांपैकी एक. १९७७ मध्ये त्याला स्वातंत्र्य दिल्याचं जाहीर झालं, पण दक्षिण आफ्रिकेनं उभी केलेली अशीच दुसरी राज्यं सोडली तर जगातल्या कुठल्या देशानं ते मानलं नाही. जमीनही सलग नव्हती, इथं एक तुकडा, तिथं एक तुकडा. घर, भावंडं, गल्ली सोडून आलेल्या पोराला तिथं करमेना. वेळ जावा म्हणून तो फुटबॉल खेळायला लागला, आणि खेळायला लागला तो गोलकीपर म्हणून. ओल्ड ट्रॅफर्डवर बॉल छातीशी घेऊन सावकाश उठणारा तो माणूस म्हणजे हाच पोरगा.

तिथून मिडफिल्ड. १९८९ मध्ये कायझर चीफ्स या सोवेटोच्या मोठ्या क्लबानं त्याला घेतलं. कायझर मोटाउंग यांनी अमेरिकेत अटलांटा चीफ्सकडून खेळून परत आल्यावर १९७० मध्ये हा क्लब काढला. १९३७ पासूनच्या ऑर्लँडो पायरेट्सशी त्यांची मॅच म्हणजे घराघरात दोन तट. आमच्या पेठांच्या मॅचची गर्दी अंगावर घेतलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गोल झाला की तिकडं ओरडतात, "लडूमा!" झुलू शब्द आहे, अर्थ 'गडगडलं'. मला हा शब्द फार आवडतो. चीफ्समध्येच राडेबे मिडफिल्डमधून हळूहळू मागं सरकला आणि डिफेंडर झाला.

आणि १९९१ मध्ये त्याला गोळी लागली. भर रस्त्यात. गोळी पाठीत शिरली आणि मांडीतून बाहेर पडली. नाजूक भागाला धक्का लागला नाही, म्हणून तो वाचला आणि पुन्हा खेळला. कुणी मारली ते कधी उघड झालं नाही. क्लब बदलणार म्हणून कुणी तरी मारेकरी धाडला असावा, असा संशय होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेपर खाली ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो होतो. आमच्याकडं मॅचवरून डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. पण बावीस वर्षांच्या पोराच्या पाठीत गोळी?

आता लीड्स. हा भाग मी धाकटीला सगळ्यात आधी सांगणार आहे. १९९४ च्या उन्हाळ्यात लीड्सचे मॅनेजर हॉवर्ड विल्किन्सन यांनी दक्षिण आफ्रिकेतून दोन खेळाडू आणले. त्यांना खरा हवा होता तो फॉरवर्ड, फिल मसिंगा. त्याला एकट्याला परक्या गावात करमणार नाही, सोबत कुणी असावं, म्हणून अडीच लाख पौंडांत राडेबेही आला. फॉरवर्डची सोबत म्हणून आणलेला माणूस. मसिंगा १९९६ मध्ये लीड्स सोडून गेला. (त्याला मी कमी लेखत नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये काँगोविरुद्ध त्यानं लांबून मारलेल्या गोलावर दक्षिण आफ्रिका पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेली. २०१९ मध्ये तो वारला, पन्नाशीही गाठली नाही.) सोबत म्हणून आलेला मात्र अकरा वर्षं राहिला.

सुरुवात वाईट होती. यॉर्कशायरची थंडी, घरची आठवण, आणि त्याला नक्की कुठं खेळवायचं हेच कुणाला ठरवता येईना. कधी राइट बॅक, कधी मिडफिल्ड. त्यात १९९५ मध्ये गुडघ्याचा लिगामेंट तुटला. गुडघ्याचं दुखणं मला ठाऊक आहे. माझा गेला तेव्हा जिना उतरताना मी प्रत्येक पायरीवर थांबून कठडा धरायचो, आणि घरात कुणी बघत नाही ना ते आधी बघायचो. ते ऑपरेशन, ते मांडीचं वाळून जाणं, ते परत पळायचं भय. एवढ्यातून उठून तो जानेवारी १९९६ मध्ये देशासाठी आफ्रिकन कप खेळायला घरी गेला.

उद्या पुढचं. धाकटी आज प्रॅक्टिसला गेली नाही. मीही जा म्हटलं नाही.

मंगळवार

दक्षिण आफ्रिकेला फिफानं १९६१ मध्ये निलंबित केलं होतं आणि १९७६ मध्ये हाकलून दिलं होतं, वर्णद्वेषासाठी. परत घेतलं ते १९९२ मध्ये. ७ जुलै १९९२ ला दरबनच्या किंग्ज पार्कवर कॅमेरूनविरुद्ध पुनरागमनाची पहिली मॅच झाली. १९९० च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडला एक्स्ट्रा टाइमपर्यंत झुंजवणारा कॅमेरून. डॉक्टर खुमालोच्या पेनल्टीवर दक्षिण आफ्रिकेनं १-० नं जिंकली. त्या अकरांत राडेबे होता. त्याच काळात या संघाचं नाव 'बाफाना बाफाना' पडलं, म्हणजे 'पोरं, आमची पोरं'.

चारच वर्षांनी, १९९६ च्या आफ्रिकन कपचे तेच यजमान. सेमीफायनलला घाना समोर, आणि घानाच्या आघाडीला टोनी येबोआ, म्हणजे लीड्सच्या ड्रेसिंग रूममध्ये राडेबेशेजारी बूट बांधणारा माणूस. ३-० नं घाना गारद. ३ फेब्रुवारीला सोवेटोच्या वेशीवरच्या एफएनबी स्टेडियमवर फायनल, ट्युनिशियाविरुद्ध. मार्क विल्यम्स बदली म्हणून आला आणि दोन मिनिटांत दोन गोल मारून गेला. बाफानाचा शर्ट घातलेले नेल्सन मंडेला, आणि कप उचलणारा गोरा कर्णधार नील टोवी. मंडेला तुरुंगातून सुटून तेव्हा जेमतेम सहा वर्षं झाली होती. डीपक्लूफपासून ते मैदान लांब नाही. पोरवयात जिथून आईबापांनी जीव वाचवायला पोराला बाहेर काढलं, त्याच गावाच्या उंबऱ्यावर तो आफ्रिकेचा विजेता झाला. त्याच्या आईला त्या रात्री काय वाटलं असेल हा विचार मी बाप झाल्यावर जास्त करतो.

ओल्ड ट्रॅफर्डची ती गोलकीपिंग या कपनंतर अवघ्या अडीच महिन्यांची. विजेता होऊन लीड्सला परतलेल्या माणसाला संघात पक्की जागा नव्हती, आणि गोलमध्ये उभा राहा म्हटल्यावर तो उभा राहिला.

सप्टेंबर १९९६ मध्ये जॉर्ज ग्रॅहॅम मॅनेजर झाले. आर्सेनलचा बचाव ज्यांनी घडवला तेच हे. त्यांनी राडेबेला मध्ये, सेंटर बॅकला ठेवलं आणि मग त्याला तिथून कुणी हलवलं नाही. १९९८ मध्ये तो लीड्सचा कर्णधार झाला. त्याच वर्षी फ्रान्सच्या वर्ल्ड कपला देशाचाही.

त्याच्या खेळाचं एक सांगतो, कारण याचे व्हिडिओ कुणी फारसे बनवत नाही. तो घुसून टॅकल क्वचितच करायचा. फॉरवर्ड बॉल घेऊन आला की हा अर्धं पाऊल मागं, अंग किंचित तिरकं, आणि फॉरवर्डनं बॉल जरासा पुढं सोडला की त्याच क्षणी लांब पाय आडवा. शॉर्ट्सला माती लागायची नाही. मी हे गांधी मैदानावर करून बघायचो आणि दहांत आठ वेळा फसायचो. ज्या दोन वेळा जमलं त्या अजून लक्षात आहेत.

लीड्ससाठी लीगचे २०० सामने आणि लीगमध्ये गोल शून्य. पण ९ डिसेंबर १९९९ ला, यूएफा कपमध्ये स्पार्टाक मॉस्कोविरुद्ध, दोन मॅचच्या लढतीतली पहिली २-१ नं गमावलेली, दुसरीची ८४ मिनिटं झालेली आणि अजून ०-० असताना, कॉर्नरवर सगळ्यांच्या वर त्याचं डोकं होतं. १-०. दोन्ही मॅच मिळून २-२, आणि दुसऱ्याच्या मैदानावर मारलेल्या गोलमुळं लीड्स पुढच्या फेरीत. लडूमा.

बुधवार

आज थोडंच.

राडेबे लीड्सचा पहिला काळा दक्षिण आफ्रिकन नव्हता. १९५७ मध्ये जोहान्सबर्गचा जेरी फ्रान्सिस आला होता. १९६१ मध्ये जर्मिस्टनचा विंगर अल्बर्ट जोहानसन. १९६५ ची एफए कप फायनल खेळणारा तो पहिला काळा आफ्रिकन. माकडाचे आवाज, शिव्या, सगळं त्यानं सोसलं. घरी असताना गोऱ्यांच्या बाथरूममध्ये पाय ठेवायची बंदी असलेल्या देशातून आलेला तो. लीड्समध्येही सुरुवातीला संघाबरोबर आंघोळीला उतरायला बिचकायचा. पुढं दारू, आणि १९९५ च्या सप्टेंबरात लीड्समधल्याच एका फ्लॅटमध्ये एकट्यानं मरण. राडेबे तेव्हा त्याच शहरात होता, गुडघा बरा व्हायची वाट बघत.

ऐंशीच्या दशकात एलंड रोडच्या, म्हणजे लीड्सच्या मैदानाच्या, गेटबाहेर वर्णद्वेष्ट्यांची पत्रकं विकली जायची. तिथल्याच काही प्रेक्षकांनी १९८७ पासून त्याविरुद्ध मोहीम काढली, तेव्हा कुठं हवा पालटू लागली. त्या शहरानं दहा-बारा वर्षांनी सोवेटोच्या माणसाला 'चीफ' म्हणून डोक्यावर घेतलं. तिथल्या पाच पोरांच्या एका रॉक बँडनं त्याच्या जुन्या क्लबावरून 'कायझर चीफ्स' नाव घेतलं, फक्त स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. डिसेंबर २००० मध्ये त्याला फिफाचा फेअर प्ले पुरस्कार मिळाला, वर्णद्वेषाविरुद्धच्या आणि मुलांसाठीच्या कामाबद्दल. एप्रिल २००१ मध्ये मंडेला लीड्सला आले. 'हा माझा हिरो' असं ते राडेबेबद्दल म्हणाले, ही गोष्ट लीड्सचे लोक आजही सांगतात. मला मात्र त्या सगळ्या गौरवात जोहानसनचा फ्लॅट आठवत राहतो. त्याच्यावेळी शहर तयार नव्हतं, असं म्हणून पुढं जायला माझं मन घेत नाही.

गुरुवार, रात्री

मोठे क्लब त्याला न्यायला टपले होते, मँचेस्टर युनायटेड आणि एसी मिलान यांची नावं तेव्हा सगळीकडं होती. आयुष्यात पहिल्यांदा जागा निवडायची पाळी त्याच्यावर आली, आणि त्यानं जिथं होता तीच निवडली. त्याच्या शेजारी खेळायला १ कोटी ८० लाख पौंडांना रिओ फर्डिनंड आला आणि दोन वर्षांत मँचेस्टरला गेलाही. २००१ मध्ये लीड्स चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला पोचली तेव्हा राडेबे जखमी होऊन बाहेर होता. पुढचा अख्खा हंगाम तो क्लबासाठी खेळू शकला नाही. मग कर्जं बाहेर आली, एकेक खेळाडू विकला गेला, २००४ मध्ये लीड्स खालच्या विभागात घसरली. हा तिथंही गेला, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच टाचेची शीर तुटली. २ मे २००५ ला त्याच्या निरोपाच्या मॅचला एलंड रोडवर अडतीस हजार लोक आले होते. दुसऱ्या विभागात गेलेल्या क्लबाच्या एका डिफेंडरसाठी.

मधली २००२ ची गोष्ट राहिली. वर्षभर क्लबासाठी न खेळलेला हा माणूस वर्ल्ड कपला देशाचा कर्णधार होऊन गेला. १२ जूनला, आपल्याकडं संध्याकाळी पाचला, देजॉनमध्ये स्पेनविरुद्ध. तालमीतल्या टीव्हीपुढं आम्ही दहा-बारा जण होतो, बाहेर गल्लीभर ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे. स्पेन २-१ नं पुढं असताना ५३ व्या मिनिटाला राडेबेनं बरोबरी केली आणि मी एकटाच उठून नाचलो. तीन मिनिटांत राउलनं पुन्हा गोल केला, ३-२. तिकडं दहा माणसांच्या पॅराग्वेनं ८४ व्या मिनिटाला स्लोव्हेनियाविरुद्ध तिसरा गोल मारला. गुण सारखे, गोलफरक सारखा. पॅराग्वेचे गोल सहा, यांचे पाच. एका गोलानं घरी. देशासाठी ७० सामने, त्यातले गोल दोन, आणि त्यांतला एक हा. शेवटचा सामना २२ मे २००३ ला इंग्लंडविरुद्ध, पुन्हा दरबनच्या त्याच किंग्ज पार्कवर, जिथं पहिला खेळला होता.

संध्याकाळी भाजी चिरता चिरता हे सगळं धाकटीला सांगितलं. मला वाटलं होतं गोळीचं ऐकून ती डोळे मोठे करेल. तिनं अडवलं ते दुसरीकडंच.

"म्हणजे त्याला त्या फॉरवर्डसंगं नुसतं सोबतीला आणलं हुतं?"

"हो."

"आणि त्यानं काय म्हटलं न्हाई?"

"काय म्हटलं ते मला ठाऊक नाही. राहिला, एवढं ठाऊक आहे."

ती गप्प झाली. मग आत जाऊन बूट घेऊन आली आणि पायरीवर बसून जुन्या टूथब्रशनं स्टड घासायला लागली. प्रॅक्टिसला उशीर झाला होता, मी गाडी काढली. मैदानावर सरांनी तिला मध्ये मागं उभं केलं. मी कठड्याशी उभा होतो. पहिली दहा मिनिटं ती नुसती बॉलमागं धावत होती, आणि दोनदा पार फसली. मग एकदा समोरची पोरगी बॉल घेऊन आली तेव्हा ती थांबली. अर्धं पाऊल मागं सरली. पाय नाही घातला. समोरचीला वाट सापडेना, तिनं बॉल बाहेर मारला.

परत येताना गाडीवर माझ्या पाठीशी तोंड आणून म्हणाली, "पप्पा, ती गोलकीपरची मॅच, जिंकली काय मग त्यांनी?"

"नाही. एक-शून्यनं हरले."

"हां," म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "मला दाखवा रात्री."

आत्ता दोघंही बघून उठलो. रॉय कीनचा गोल झाला तिथं तिनं मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि मागं ओढून पुन्हा बघितला. मग पुन्हा एकदा.